गांवची दौलत गांवांत कशी राहील?

'अर्थ' या शब्दाचे आपल्या भाषेंत दोन अर्थ आहेत. एक म्हणजे पैसा, व दुसरा म्हणजे एखाद्या गोष्टीचें तात्पर्य. पहिल्याच्या मागें लागून दुसरा विसरणें ही मनुष्याची जुनी खोड आहे. एखाद्या गांवांत वर्षाकाठीं किती पैसा आला, हें विचारणें सोपें असतें. परंतु आलेला पैसा, पिकलेलें धान्य, पडलेला पाऊस व जन्मास आलेलें मूल यांपैकीं गांवांत राहिलें किती आणि निघून गेलें किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही हाच प्रश्न आपल्या धाराशिव जिल्ह्यापुरता विचारणार आहों, व त्याच्या उत्तरासाठीं आपल्या मातींत पूर्वापार चालत आलेल्या कांहीं रीति तपासून पाहणार आहों. त्या सर्वच चांगल्या होत्या असें आमचें म्हणणें नाहीं. कोणती ठेवावी व कोणती टाकावी, हा विवेक करणें हेंच या लेखाचें मुख्य काम आहे.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊं. बालाघाटाच्या रांगा आपल्या जिल्ह्यांतून गेल्या आहेत, व येथें पडलेलें पाणी दोन दिशांस वाहतें. मांजरा व तेरणा यांचें पाणी गोदावरीस मिळतें. सीना व बोरी यांचें पाणी भीमेच्या वाटेनें कृष्णेकडे जातें. म्हणजे आपण दोन थोर खोऱ्यांच्या उंबरठ्यावर राहतों, आणि उंबरठ्यावर पाणी थांबत नाहीं. वर्षाचा पाऊस साधारणतः ७०० ते ८०० मिलिमीटर; पण तो कधीं महिनाभर दडी मारतो, तर कधीं दोन दिवसांत महिन्याचें देणें चुकतें करतो. १९७२ सालच्या दुष्काळाच्या गोष्टी घरांतील वडील मंडळी अजून सांगतात. २०१२-१३ व २०१५-१६ या वर्षांचे दुष्काळ तर पुष्कळ पालकांनीं टँकरच्या रांगेंत उभे राहून पाहिले आहेत.

नळदुर्गच्या किल्ल्यांत आदिलशाही काळीं बोरी नदीचा प्रवाह बंधारा घालून अडविला गेला, व त्या बंधाऱ्याच्याच पोटांत पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यांत तेथून कोसळणारे नर व मादी हे धबधबे पाहण्यास लोक दूरदूरून येतात. परंतु त्या शोभेमागील बोध असा कीं, वाहून जाणाऱ्यास वाटेंत थांबविणें व त्याच्याकडून काम करून घेणें, ही या भूमींतील पहिली विद्या होय. पाण्यास जें लागू आहे, तेंच धान्यास, पैशास व मनुष्यबळासहि लागू आहे.

ही विद्या आपल्या पूर्वजांनीं ग्रंथांत फारशी लिहिली नाहीं. सणांत व चालीरीतींत मात्र ती जागोजाग आढळते. मार्गशीर्ष अमावास्येस आपल्याकडे वेळ अमावास्या, म्हणजे बोलीभाषेंतील येळवस, साजरी होते. हा सण लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत आणि सीमेलगतच्या कर्नाटकाच्या भागांत विशेष आहे; पुण्या-मुंबईच्या मनुष्यास तो बहुधा ठाऊकहि नसतो. त्या दिवशीं शहरांतील रस्ते ओस पडतात व शेतें गजबजून जातात. कडब्याची कोप उभारतात, तींत पांच दगड पांडव म्हणून मांडून त्यांची पूजा करतात, आणि मग भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील व खीर यांचें जेवण होतें. ज्यास स्वतःचें शेत नाहीं, त्यास दुसऱ्याच्या कोपीचें आमंत्रण असतें. वाटसरूसहि जेवल्यावांचून पुढें जाऊं देत नाहींत.

यांतील भज्जी ही वस्तु विचार करण्याजोगी आहे. भज्जी म्हणजे तळलेलीं भजीं नव्हेत. तुरीचे, वाटाण्याचे, पावट्याचे व हरभऱ्याचे हिरवे दाणे, मेथी, गाजर, चिंच, असें त्या हंगामांत शेतांत व बांधावर जें जें असेल तें एकत्र शिजवून व वर बेसन लावून केलेली ती दाट भाजी होय. ज्या शेतांत दहा जिन्नस पिकतात, तेथील भज्जी त्या शेतांतच पुरी होते. ज्या शेतांत एकच पीक उभें असतें, तेथील भज्जीसाठीं आदल्या दिवशीं बाजारांत पिशवी घेऊन जावें लागतें. म्हणून भज्जी हा नुसता खाण्याचा पदार्थ नसून, त्या शेताचा वार्षिक ताळेबंदच होय, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां अशा मिश्र शेताचा व्यवहार कसा चाले, तें पाहूं. ज्वारीच्या तासांमध्यें तुरीचा एखादा तास असे. तुरीच्या मुळांवर गांठी असतात व त्यांत राहणारे सूक्ष्म जीव हवेंतील नत्र पिकास मिळवून देतात. तिचा पाला गळून जमिनींत मिसळतो. ज्वारीचा दाणा माणसास, तर कडबा बैलास व गाईस. जनावरांचें शेण उकिरड्यावरून पुन्हां शेतांत येई, व त्या शेणाच्या बळावर पुढील ज्वारी उभी राही. रब्बीच्या शेताच्या कडेनें करडईचे तास असत. करडई काटेरी असल्यानें कुंपणाचें काम करी, आणि तिच्याच बियांचें तेल गांवच्या घाण्यावर निघे. दाणा पेवांत किंवा कणगींत राही. चांगलीं कणसें निवडून त्यांचें बीं राखेंत व कडुनिंबाच्या पाल्यांत जपून ठेविलें जाई. पेरणी-काढणीच्या घाईंत सावड किंवा वारंगुळा, म्हणजे आज तुमच्या शेतांत आमचे बैल व हात, उद्यां आमच्या शेतांत तुमचे. कोणाचें काम फारच मागें पडलें, तर दहा शेजारी आपआपलीं औतें घेऊन येत व एका दिवसांत रान नांगरून देत. मालकानें केवळ जेवण घालावें. यास इर्जिक म्हणतात.

या सर्वांत एक सूत्र दिसेल. प्रत्येक वस्तु कोठून तरी घेतली जाते, व तिचा कांहीं अंश जेथून घेतला तेथें परत जातो. विहिरीचा रहाट जसा पोहरा रिकामा करून पुन्हां पाण्यांत सोडतो, तसाच हा फेरा आहे. ज्या व्यवहारांत घेतल्यावर परत देण्याची सोय असते, तो व्यवहार भूमीस थकवीत नाहीं. उलट दरवर्षीं तिला नवें बळ देतो. अलीकडे जगांतील विचारवंत ज्यास पुनरुज्जीवक अर्थव्यवस्था असें जड नांव देतात, ती मुळांत हीच गोष्ट होय.

या फेऱ्यांतील एक मानकरी प्राणी आपल्या जिल्ह्याचें नांव दूरवर घेऊन गेला आहे. तो म्हणजे उस्मानाबादी शेळी. २०२३ सालीं जिल्ह्याचें अधिकृत नांव धाराशिव झालें, तरी शेळीच्या जातीचें नांव पूर्वीचेंच राहिलें आहे. बहुधा काळ्या रंगाची, माळावरील काटेरी पाल्यावर गुजराण करणारी, दुष्काळांत तग धरणारी व पुष्कळदां जुळीं करडें देणारी ही जात कोणा संशोधकानें प्रयोगशाळेंत निर्माण केली नाहीं. येथील पाऊस, येथील माळ व येथील गरीब घरांतील बायकांची निवड, या तिघांनीं मिळून ती घडविली. भूमिहीन कुटुंबास शेळी हीच पेढी असते. मुलाची फी, घरांतील आजारपण, लेकीचें बाळंतपण, अशा वेळीं एक शेळी विकली कीं सावकाराचें दार ठोठवावें लागत नाहीं. शेळ्या-मेंढ्यांचा कळप रात्रीं शेतांत बसविला, तर शेतास खत व धनगरास धान्य किंवा पैसा मिळतो. मात्र माळाच्या शक्तीपेक्षां कळप मोठा झाला, तर तीच शेळी रोपटें वाढूं देत नाहीं. फेरा टिकविण्यासाठीं मापहि राखावें लागतें.

मग हा फेरा मोडला कशानें? शेतकऱ्याच्या मूर्खपणानें, असें उत्तर कोणी देईल तर तें खोटें व क्रूरपणाचेंहि होईल. सोयाबीन सुमारें शंभर दिवसांत हातीं येतें, बाजारांत लागलीच विकतें व रोकड देतें. मुलांचें शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य हीं सर्व रोकड मागतात. कडबा देऊन कॉलेजांत प्रवेश मिळत नाहीं. म्हणून शेतकऱ्यानें सोयाबीन व पाणी असेल तेथें ऊंस धरला, यांत नवल नाहीं. परंतु त्याचे परिणाम एकामागून एक कसे आले, तें पाहण्यासारखें आहे. ज्वारी कमी झाली म्हणून कडबा कमी झाला. कडबा महागला म्हणून बैल व गाई विकाव्या लागल्या. जनावरें गेलीं म्हणून शेणखत आटलें. शेणखत नाहीं म्हणून खताचीं पोतीं विकत आणावीं लागलीं. आणि तीं आणण्यासाठीं पुन्हां अधिक रोकड हवी, म्हणून सगळ्या रानांत तेंच एक पीक. सोयाबीन गाडींत बसून गांवाबाहेर जातें, व त्याचें तेल पिशवींत बसून दुकानांत परत येतें. मधल्या प्रवासांतील नफा वाटेंतच राहतो. पाऊस चुकला कीं एकच पीक असल्यामुळें सर्वच जातें. मग दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीच्या टोळ्या निघतात, व त्यांच्या गाड्यांवर भांड्याकुंड्यांसह शाळकरी मुलेंहि बसतात. फेरा मोडल्याची किंमत शेवटीं कोण देतो, हें त्या मुलांच्या रिकाम्या बाकांवरून कळतें.

येथें विद्यार्थ्यांसाठीं एक गणित देतों. समजा, एका गांवांत बाहेरून १०० रुपये आले. तेथील लोक प्रत्येक रुपयांतील आठ आणे गांवांतच खर्च करतात : कुंभाराकडे, शिंप्याकडे, भाजीवालीकडे, घाण्यावर. तर पहिले १०० रुपये, मग ५०, मग २५, मग साडेबारा, असे ते फिरत राहतील. व या श्रेढीची बेरीज २०० रुपयांपर्यंत जाईल. दुसऱ्या गांवांत रुपयांतील केवळ दहावा हिस्सा गांवांत राहतो. तेथें १००, मग १०, मग १, असें होऊन बेरीज सुमारें १११ रुपयांवर थांबेल. दोन्ही गांवांत बाहेरून आलेला पैसा सारखाच. पण एका गांवानें त्यांतून दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उत्पन्न उभें केलें. यांत जादू नाहीं. पहिल्या गांवांत बंधारा आहे व दुसऱ्यांत नाहीं, इतकाच भेद.

यावर कोणी म्हणेल, 'मग काय गांवाच्या वेशी बंद करून बसावें?' मुळींच नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील तेर गांव, म्हणजे प्राचीन तगर, हें व्यापाराचें मोठें केंद्र होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत त्याचा उल्लेख आहे. पैठण व तगर येथून गाड्यांवर लादलेला माल भडोच बंदरास जाई, व तगरच्या मालांत कापडाचे अनेक प्रकार असत, असें त्यावरून समजतें. म्हणजे येथील मनुष्य दोन हजार वर्षांपूर्वींहि जगाशीं व्यवहार करीत होता. परंतु तो कच्चा कापूस नव्हे, कापड पाठवीत होता. विणकराची कारागिरी व तिचा मोबदला गांवीं राहून केवळ तयार वस्तु बाहेर जाई. आजहि भूम तालुक्यांतील कुंथलगिरीच्या परिसरांत दूध आटवून खवा करितात व तो दूरच्या शहरांस धाडतात. या खव्यास व तुळजापूरच्या कवडीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे त्या नांवावरील हक्क कायद्यानें त्या स्थळाचा झाला. तथापि खव्याच्या भट्टीस सरपण फार लागतें, हेंहि विसरतां कामा नये. जितकीं झाडें भट्टींत गेलीं तितकीं लावलीं नाहींत, तर दुधाचा पैसा आला व डोंगर उघडा पडला असें होईल.

आतां आम्ही या विषयाच्या सर्वांत अवघड भागाकडे वळतों. जुन्या गांवगाड्याची स्तुति करितांना बलुतेदारीचें नांव हमखास निघतें. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग आदि बलुतेदार वर्षभर गांवाचें काम करीत, व सुगीच्या वेळीं खळ्यावरून त्यांना धान्याचा वांटा मिळे. काम व अन्न यांचा हा संबंध वरवर पाहतां मनोहर वाटतो. परंतु खळ्यावर सर्वांत शेवटीं कोण उभा राही, व त्यास वांटा सन्मानानें मिळे कीं दुरून टाकला जाई, हेंहि विचारलें पाहिजे. जन्मानें धंदा ठरविलेला, नकार देण्याची मुभा नाहीं, व गांवासाठीं रात्रंदिवस राबूनहि गांवच्या विहिरीस हात लावण्याची बंदी, अशी ज्यांची स्थिति होती त्यांना तो फेरा नव्हता, ती बेडी होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत वतनांच्या कायद्यांत सुधारणा करण्यासाठीं विधेयक मांडलें तें याच कारणासाठीं. आणि फेब्रुवारी १९४१ मध्यें आपल्याच जिल्ह्यांतील कसबे तडवळे येथें भरलेल्या महार-मांग वतनदार परिषदेस ते स्वतः आले होते. जो कोणी आज देशी मूल्यांच्या आधारें गांव उभारूं इच्छितो, त्यानें तडवळ्याचें स्मरण ठेवूनच पहिला दगड रचावा. परस्परांची गरज ओळखणें हें घ्यावें. जन्मावरून उच्चनीच ठरविणें हें टाकावें. सावड ही बरोबरीच्या माणसांतच शोभते.

स्त्रियांच्या बाबतींतहि असाच विवेक हवा. बीं जपणारी, शेळी पोसणारी व भज्जी रांधणारी बाई जुन्या शेताचा अर्धा भार वाही. पण कोणतें पीक घ्यावें हें तिला कोणी विचारीत नसे. या स्थितींत पालट होण्यास एक मोठें संकट निमित्त झालें. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी व सास्तूर या परिसरांत भूकंप होऊन हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं. घरें पुन्हां बांधण्याच्या कामांत गांवोगांवच्या स्त्रिया पुढें आल्या. त्यांतून बचतगट वाढले. व प्रेमा गोपालन यांनीं स्थापन केलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनें त्या गटांस शेतीच्या कामाकडे वळविलें. तिची योजना अगदीं साधी आहे. घरच्या सर्व जमिनीवर एकदम प्रयोग करूं नये. अर्धा ते एक एकर तुकडा घरांतील बाईच्या विचारावर सोपवावा, व त्यांत तिनें ज्वारी, बाजरी, डाळी, भाजीपाला असें अनेक प्रकारचें अन्न कमी पाण्यांत, घरच्या बियांवर व शेणखत-गांडूळखतावर पिकवावें. आधीं घरचें ताट भरावें, उरलें तें शेजारीं व आठवडी बाजारांत विकावें. तुळजापूर तालुक्यांतील गोदावरी डांगे या अशाच गटांतून पुढें आलेल्या कार्यकर्त्या असून, त्यांच्या जीवनावर एक चित्रकथाहि निघाली आहे. २०१६ सालीं या संस्थेस संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें. पण आम्हांस त्या पारितोषिकापेक्षां मोठी वाटणारी गोष्ट ही कीं, सोयाबीन बुडालें त्या वर्षीं ज्या घरीं असा तुकडा आहे, तेथें निदान पीठ व डाळ विकत आणावी लागत नाहीं.

आपल्या राज्याच्या दुसऱ्या टोकाचें एक उदाहरण सांगतों. गडचिरोली जिल्ह्यांत मेंढा (लेखा) नांवाचें गोंड लोकांचें लहानसें गांव आहे. तेथें निर्णय बहुमतानें न होतां सर्वांच्या संमतीनें होतात. एकाचा जरी विरोध असला तरी चर्चा चालू राहते. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं या गांवास सुमारें १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, व २०११ पासून आपल्या जंगलांतील बांबू ग्रामसभा स्वतः विकूं लागली. जंगल राखणाऱ्यासच जंगलाचें उत्पन्न मिळूं लागलें, तेव्हां राखण व उत्पन्न यांतील भांडण मिटलें. आपल्याकडे जंगल थोडें आहे. परंतु गायरान, पाझर तलाव, ओढे व बांध आहेत. 'हें सर्वांचें' याचा अर्थ आपण 'हें कोणाचेंच नव्हे' असा करितों. मेंढ्याच्या लोकांनीं 'हें प्रत्येकाचें' असा केला.

या विवेचनाचें सार थोडक्यांत असें आहे. गांव श्रीमंत होतें तें त्यांत किती आलें यावरून नव्हे, तर आलेलें किती वेळ फिरलें यावरून. फिरतें ठेवण्याचीं साधनें आपल्याजवळ आहेत : मिश्र पीक, देशी बीं, शेळी, शेणखत, सावड, बंधारा. मात्र त्यांच्या जोडीला नवें ज्ञान, कायद्यानें मिळालेले हक्क, व स्त्री-पुरुष आणि सर्व जातींची बरोबरी हीं हवींतच. नाहीं तर जुन्या फेऱ्याबरोबर जुनी बेडीहि परत येईल.

पालकांस आमची विनंति आहे कीं, यंदा निदान अर्धा एकर रान घरच्या ताटासाठीं राखून पाहावें, व त्याचा कारभार घरांतील बाईच्या हातीं द्यावा. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक सोपें काम सांगतों. येत्या वेळ अमावास्येस, मग तुम्ही तो सण घरीं पाळीत असा किंवा मित्राच्या कोपींत पाहुणे म्हणून जात असा, भज्जींत पडलेल्या जिनसांची यादी करा. वहीच्या पानावर तीन रकाने आंखा : आपल्या शेतांतलें, आपल्या गांवांतलें व बाहेरून विकत आणलेलें. मग आजीला विचारून तिच्या लहानपणच्या भज्जीची यादीहि शेजारीं लिहा. दोन्ही याद्यांत जो फरक दिसेल, त्यांत तुमच्या गांवाची मिळकत कोणत्या वाटेनें बाहेर गेली हें तुम्हांस आढळून येईल. अशा याद्या गांवाच्या नांवासह वार्षिकाकडे धाडाव्या. निवडक याद्या पुढील अंकांत छापण्याचा आमचा विचार आहे.